जुनी जीप : दुरुस्ती की नवी गाडी?

म्हैसूर शहराच्या वायव्येस, हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिनकल आहे. एकेकाळचे हे शेतीचे गाव आता शहराच्या विस्तारात सामावून गेले आहे. तथापि त्याच्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याचे महत्त्व त्यामुळे कमी झालेले नाही. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २७५ ह्या नावाने हाच रस्ता हुणसूर, कुशालनगर व मडिकेरी असे टप्पे घेत, घाट उतरून दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बंटवाळला पोचतो. हुणसूरच्या आसपास तंबाखूची शेते, त्यापलीकडे नागरहोळेचे जंगल आणि पुढे कोडगूचे कॉफीचे मळे लागतात. डांबरी रस्ता सोडून ह्या शेतांत व मळ्यांत शिरायचे, तेही पावसाळ्यात, म्हणजे चारही चाकांना एंजिनाची शक्ती पोचविणारे वाहन हाताशी असावे लागते. ह्या पट्ट्यात वीस-पंचवीस वर्षांच्या, क्वचित त्याहूनही जुन्या जीपगाड्या अद्याप नित्याच्या कामात आहेत, ह्याचे कारण हेच होय.

अशा प्रत्येक गाडीच्या मालकापुढे केव्हा ना केव्हा एक प्रश्न येऊन उभा राहतो. एंजिन तेल पिऊ लागलेले असते, गिअर घसरत असतात, पत्र्याला भोके पडलेली असतात. मेकॅनिक दुरुस्तीचा जो आकडा सांगतो तो ऐकून घरातील एक जण म्हणतो, ‘एवढ्या पैशांत दुसरी गाडी येईल’. दुसरा म्हणतो, ‘असे लोखंड आता मिळायचे नाही.’ दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते; परंतु दोघांपैकी कोणाचेही म्हणणे निर्णयाला पुरेसे नसते. येथे प्रश्न केवळ पैशांचा नाही. मडिकेरीचा चढ चढून संपाजेच्या बाजूने उतरणाऱ्या गाडीत माणसे बसलेली असतात, आणि निर्णय चुकला तर त्याची किंमत त्यांना मोजावी लागण्याचा संभव असतो. म्हणून हा निर्णय कोणत्या क्रमाने व कोणत्या कसोट्यांवर घ्यावा, ह्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

जीपचा वंश

जीपगाडी इतकी वर्षे का टिकते, हे समजण्यासाठी तिच्या जन्माकडे वळावे लागते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी ही गाडी तयार झाली. रणांगणावर ती साध्या हत्यारांनी दुरुस्त करता आली पाहिजे, एका गाडीचा भाग दुसरीला बसला पाहिजे, ही तिच्या रचनेमागील मूळ दृष्टी होती. भारतात ही गाडी आली ती मुंबईच्या वाटेने. १९४५ साली मुंबईत स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने विलिस जीपच्या सुट्या भागांची माझगाव येथे जुळणी सुरू केली. पुढे देशी बनावटीचे प्रमाण वाढत गेले आणि कांदिवली, नाशिक व इगतपुरी ही नावे ह्या उद्योगाशी जोडली गेली. पेट्रोल एंजिनाच्या जोडीला डीझेल एंजिने आली, नमुन्यांची नावे बदलली. पण शिडीसारखा पोलादी सांगाडा, पुढे-मागे अखंड आस आणि कमानपट्ट्यांची स्प्रिंग ही मूळ ठेवण कित्येक दशके तशीच राहिली.

१९८५ च्या अखेरीस मारुती कंपनीची जिप्सी बाजारात आली. ही गाडी वजनाने हलकी व चालविण्यास सोपी असली, तरी तिचीही उभारणी वेगळ्या सांगाड्यावरच केलेली होती. म्हैसूर-कोडगू भागात जुनी चार-चाक-चालनाची गाडी म्हटली, की बहुधा ह्या दोन घराण्यांपैकी एकीचाच संबंध येतो.

ह्या रचनेचा एक परिणाम असा, की जीपचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा करून बदलता येतो. बौद्ध वाङ्मयातील ‘मिलिंदप्रश्न’ ह्या ग्रंथात भिक्षू नागसेन राजाला रथाविषयी विचारतो : चाके म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? जूं म्हणजे रथ काय? जुन्या जीपच्या मालकाला ह्या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. एंजिन बदलले, गिअरबॉक्स बदलला, पत्रा नवा चढविला. तरी जीप तीच. तत्त्वज्ञाने ह्यावर काहीही निष्कर्ष काढला, तरी मोटार-नोंदणी कार्यालयाला एक उत्तर द्यावेच लागते आणि ते उत्तर चॅसीवर कोरलेल्या क्रमांकात असते. कायद्याच्या दृष्टीने गाडीची ओळख सांगाड्याशी बांधलेली आहे. पुढे दिसून येईल, की आयुष्याच्या दृष्टीनेही तीच गोष्ट खरी आहे.

तपासणीचा योग्य क्रम

सामान्यतः मालक तपासणीला आरंभ करतो तो एंजिनापासून. कारण आवाज, धूर आणि तेलाचा खर्च ह्यांमुळे एंजिनाचे दुखणे सर्वांत आधी कानावर व डोळ्यांवर येते. वस्तुतः क्रम नेमका उलटा असावयास हवा. पहिल्याने सांगाडा, त्यानंतर ब्रेक व स्टिअरिंग, मग चार चाकांना शक्ती पोचविणारी यंत्रणा आणि सर्वांच्या शेवटी एंजिन. कारण उघड आहे. एंजिन कितीही झिजले तरी ते नवे करण्याच्या रीती ठरलेल्या आहेत व त्यांचा खर्च आधी सांगता येतो. सांगाडा खचला, तर मात्र त्यावर बसविलेला प्रत्येक नवा भाग वाया जाण्याचा धोका असतो.

सांगाड्याचा मुख्य शत्रू गंज होय. तो गाडीच्या वयापेक्षा तिच्या राहण्याच्या जागेवर अधिक अवलंबून असतो. म्हैसूरला वर्षाकाठी साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो व हवा बरीचशी कोरडी असते. मडिकेरीला पाऊस ३,००० मिलिमीटरांच्या पुढे जातो आणि चिखल कित्येक आठवडे चॅसीच्या पोकळीत ओला राहतो. रत्नागिरी किंवा मालवण अशा किनाऱ्यावरील गावांत पावसाच्या जोडीला खारी हवा असते. म्हणून हिनकललाच राहिलेली पंचवीस वर्षांची जीप आणि कोकणात राहिलेली पंधरा वर्षांची जीप ह्यांत दुसरीचा सांगाडा अधिक जीर्ण असणे सहज शक्य आहे. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर ती कोणत्या साली बनली ह्याबरोबरच ती कोठे नांदली, हेही विचारले पाहिजे.

गाडी उंच करून, खालचा चिखल धुऊन, कोरडी झाल्यावर सांगाडा तपासावा. लहान हातोडीने ठोकले असता निरोगी पोलाद खणखणते. गंजाने पोखरलेल्या जागी आवाज बद्द येतो. टोकदार अवजार दाबून पाहिल्यास पातळ झालेला पत्रा आत दबतो. कमानपट्ट्या जेथे सांगाड्याला टांगलेल्या असतात त्या जागा, आडव्या पट्ट्यांचे सांधे, बॉडी जेथे टेकते ते आधार आणि स्टिअरिंगची पेटी जेथे बसविलेली असते तो भाग, ह्या ठिकाणी गंज व चिरा प्रथम दिसतात. शिवाय सांगाड्याचे दोन कर्ण मोजून पाहावेत. ते सारखे न भरल्यास गाडी पूर्वी कोठे तरी आदळून वाकलेली आहे, असे समजावे. एखाद्या आडव्या पट्टीचा गंज कापून तेथे नवी पट्टी जोडता येते. परंतु दोन्ही उभ्या तुळया अनेक ठिकाणी पोखरल्या असतील आणि ठिगळावर ठिगळ द्यावे लागत असेल, तर ती दुरुस्ती नव्हे. ती केवळ मुदतवाढ होय.

ब्रेकच्या बाबतीत जुन्या जीपगाड्यांची एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. त्यांपैकी पुष्कळ गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकना तेल पुरविणारी नळ्यांची योजना एकच असते. एका चाकाजवळची नळी फुटली, तर चारही ब्रेक एकदम निकामी होतात. नंतरच्या गाड्यांत दोन स्वतंत्र योजना असल्याने एक बिघडली तरी दुसरी उरते. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. घाटात तो जीवनमरणाचा ठरतो. म्हणून दुरुस्तीचा निर्णय झालाच, तर रंग व पत्रा ह्यांच्या आधी ब्रेकच्या नळ्या, रबरी वायसर व मुख्य सिलिंडर ह्यांवर खर्च झाला पाहिजे. पुढचे चाक वर-खाली धरून हलविले असता ते खडखडत असेल, तर चाकाचे बेअरिंग किंवा स्टिअरिंगची खुंटी झिजलेली असते. हे कामही पुढे ढकलण्यासारखे नाही.

चार चाकांची यंत्रणा

ज्या गुणासाठी ही गाडी घरात ठेवायची, तो गुण तिच्यात उरला आहे काय, हे यानंतर पाहावयाचे. जीपच्या गिअरबॉक्समागे ट्रान्स्फर केस नावाची दुसरी पेटी असते. एंजिनाची शक्ती ती मागच्या आसाबरोबर पुढच्या आसालाही देते, आणि आणखी एका गिअरने वेग कमी करून जोर वाढविते. वळण घेताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापावा लागतो. ह्या पेटीत मात्र पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांशी घट्ट जखडले जातात. चिखलात किंवा वाळूत चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती घसरू शकत नाहीत आणि सारा ताण दात्यांवर व सांध्यांवर साठत जातो. ह्यामुळेच कोरड्या रस्त्यावर चार चाकांची चालना वापरू नये असा नियम आहे. तो न पाळलेल्या गाड्यांच्या ट्रान्स्फर केसमध्ये झीज लवकर होते.

ह्याच्या उलट दोषही आढळतो. शहरात राहू लागलेल्या मालकाने वर्षानुवर्षे तो दांडा हलविलेलाच नसतो. जोडदांड्या गंजून जाम होतात, पुढच्या आसातील तेल कधीच बदलले जात नाही, आणि ओढ्यातून गाडी घातली असता आत शिरलेले पाणी तसेच राहते. तेलाचा रंग दुधासारखा झालेला दिसला, तर त्यात पाणी मिसळले आहे असे ओळखावे. मोकळ्या मातीच्या मैदानावर दांडा टाकून गाडी सावकाश चालवावी. दांडा सहज पडतो व सुटतो काय, गिअर आपोआप बाहेर पडतो काय, शाफ्टच्या सांध्यांतून खटखट येते काय, हे पाहावे. ह्या यंत्रणेच्या दुरुस्तीला जाणता कारागीर लागतो. हिनकलपासून जवळच असलेल्या हूटगळ्ळी औद्योगिक वसाहतीत १९८१ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह ॲक्सल्स कंपनीत मालमोटारींचे आस तयार होतात. म्हैसूरसारख्या यंत्रकामाची परंपरा असलेल्या शहरात दाते, बेअरिंगे व शाफ्ट हे शब्द परके नाहीत, ही तेथील मालकाची जमेची बाजू होय.

एंजिन शेवटी

एंजिनाचे दुखणे धुराच्या रंगावरून बरेचसे कळते. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. डीझेलचा दाट काळा धूर म्हणजे इंधन पुरे जळत नाही. एंजिन तापल्यावरही थांबत नाही असा पांढरा धूर पाणी आत शिरल्याचे लक्षण असू शकतो. पेट्रोल एंजिनाचा दाब मापकाने मोजावा. तो कमी भरल्यास सिलिंडरात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावा. आता दाब वाढला, तर पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर झिजले आहेत; न वाढला, तर दोष झडपांत असण्याचा संभव अधिक. सिलिंडर किंचित मोठे कोरून त्यात वाढीव मापाचे पिस्टन बसविणे आणि क्रँक घासून कमी मापाची बेअरिंगे घालणे, ही कामे आपल्याकडील कारखान्यांना चांगली अवगत आहेत.

मात्र एका सावधगिरीची गरज आहे. नवे झालेले एंजिन पूर्वीपेक्षा अधिक जोर देते आणि तो जोर झिजलेल्या क्लचवर, गिअरबॉक्सवर व आसावर येतो. एंजिनाचे काम झाल्यावर दोन-चार महिन्यांत गिअरबॉक्स बोलू लागला, ही तक्रार नेहमी ऐकू येते. म्हणून एंजिनाचा अंदाज स्वतंत्र न मागता पूर्ण गाडीचा एकत्र अंदाज मागावा.

पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत अलीकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळूर येथे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या विक्रीचा आरंभ झाला आणि त्यानंतर ते देशभर पसरत गेले. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या, कार्ब्युरेटरची गास्केटे व इंधन-पंपाचा पडदा ह्या मिश्रणासाठी बनविलेले नव्हते. ते फुगतात किंवा चिरतात, आणि टाकीतील जुना गाळ सुटून फिल्टर तुंबतो. हे भाग बदलण्याचा खर्च फार नसतो. पण चिरलेल्या नळीतून तापलेल्या एंजिनावर पेट्रोल ठिबकू लागल्यास आगीची भीती असते.

सुटे भाग कोठवर मिळतील?

गाडी दुरुस्त होण्यासारखी आहे, हे ठरल्यावर तिचे भाग पुढेही मिळत राहतील काय, हा प्रश्न येतो. ह्या बाबतीत म्हैसूरचेच एक उदाहरण बोलके आहे. तेथील आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून मोटारसायकली तयार होत असत. १९९६ साली तो बंद पडला. त्यानंतरही ह्या मोटारसायकली रस्त्यावर राहिल्या. कारण त्या संख्येने पुष्कळ होत्या, त्यांची रचना दीर्घ काळ फारशी बदलली नव्हती आणि त्यांवर प्रेम करणारे व त्यांचे काम जाणणारे लोक शिल्लक होते. सुट्या भागांचे आयुष्य कारखान्याच्या आयुष्यावर नव्हे, तर ह्या तीन गोष्टींवर अवलंबून असते.

ह्या कसोटीवर महिंद्रची जीप व जिप्सी दोन्ही सुस्थितीत आहेत. जबलपूरच्या सरकारी कारखान्यात सैन्यासाठी बनलेल्या जोंगा गाडीची गोष्ट वेगळी आहे. सैन्याच्या लिलावांतून ह्या गाड्या नागरिकांच्या हाती आल्या. दणकटपणाबद्दल त्यांची ख्याती आहे. परंतु मोठे पेट्रोल एंजिन आणि मर्यादित संख्या ह्यांमुळे इंधन व सुटे भाग ह्या दोहोंचाही खर्च वाढतो. अशी गाडी हौसेने सांभाळता येते. मळ्याच्या रोजच्या कामाला ती परवडेलच असे नाही.

हिशेबाची रीत

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहण्याची प्रथा सर्वत्र आहे. ‘दोन लाखांच्या गाडीवर दीड लाख कोण घालील?’ हा युक्तिवाद बिनतोड वाटतो; परंतु तो सदोष आहे. तुलना करावयाची ती दुरुस्तीची गाडीच्या किमतीशी नव्हे, तर एका मार्गाने पडणाऱ्या दरवर्षीच्या खर्चाची दुसऱ्या मार्गाने पडणाऱ्या दरवर्षीच्या खर्चाशी. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज टरबर्ग ह्याने कारखान्यांतील यंत्रसामग्रीविषयी १९४९ साली लिहिलेल्या पुस्तकात ह्या विचाराची पद्धतशीर मांडणी केली. जागेवर असलेल्या जुन्या यंत्राला त्याने बचावकर्ता व त्याची जागा घेऊ पाहणाऱ्याला आव्हानकर्ता म्हटले. हीच रीत जीपलाही लागू पडते.

पुढील सर्व आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. समजा, जीप आहे त्या स्थितीत दोन लाखांना विकली जाईल. तिच्या दुरुस्तीला दीड लाख लागेल, सांगाडा निरोगी असल्याने ती आणखी पाच वर्षे चालेल, देखभाल व विमा मिळून वर्षाला चाळीस हजार पडतील आणि शेवटी ती दीड लाखाला जाईल. न विकल्यामुळे सोडलेले दोन लाख, दुरुस्तीचे दीड लाख आणि पाच वर्षांचे दोन लाख मिळून साडेपाच लाख होतात. त्यांतून शेवटचे दीड लाख वजा जाता चार लाख उरतात. म्हणजे वर्षाला ऐंशी हजार. नवी गाडी चौदा लाखांची असून पाच वर्षांनी आठ लाखांना जाईल व देखभाल आणि विमा ह्यांपायी वर्षाला बेचाळीस हजार लागतील, असे धरल्यास वर्षाचा खर्च एक लाख बासष्ट हजार होतो. त्यात गुंतलेल्या भांडवलावरील व्याज अजून धरलेलेच नाही. सहा लाखांची, कमी वयाची जुनी गाडी घेतली आणि पाच वर्षांनी ती साडेतीन लाखांना गेली, देखभाल व विमा पंचेचाळीस हजार धरला, तर वर्षाला पंचाण्णव हजार पडतात. हा तिसरा मार्ग बहुधा विचारातच घेतला जात नाही.

आता एकच गोष्ट बदलून पाहावी. सांगाडा पोखरलेला असल्याने दुरुस्तीला तीन लाख लागले, गाडी दोनच वर्षे चालली, देखभाल व विमा साठ हजारांवर गेला आणि अखेर ती भंगारात पन्नास हजारांना गेली. ह्या स्थितीत वर्षाचा खर्च दोन लाख पंच्याऐंशी हजार होतो. नव्या गाडीहून जुनी जीप कितीतरी महाग पडते. दुरुस्तीचा आकडा दुप्पट झाला, परंतु वार्षिक खर्च साडेतीन पटींहून अधिक वाढला. कारण दुरुस्तीनंतरची वर्षे घटली. ह्यावरून स्पष्ट होते, की ‘दुरुस्तीला किती लागतील?’ ह्यापेक्षा ‘दुरुस्तीनंतर किती वर्षे मिळतील?’ हा प्रश्न अधिक निर्णायक आहे, आणि त्याचे उत्तर मुख्यतः सांगाडा देतो.

गाडी किती चालते, ह्यानेही हिशेब पालटतो. जुनी गाडी लिटरला दहा व नवी तेरा किलोमीटर जाते आणि इंधन शंभर रुपये लिटर आहे, असे धरू. वर्षाला तीन हजार किलोमीटर जाणाऱ्या शेतकऱ्याला नव्या गाडीमुळे सुमारे सात हजार रुपये वाचतील. हिनकलहून कोडगूपर्यंत सतत ये-जा करून वीस हजार किलोमीटर कापणाऱ्याला सुमारे सेहेचाळीस हजार वाचतील. शिवाय नेमक्या कॉफी तोडणीच्या दिवसांत गाडी बंद पडली, तर होणारे नुकसान त्याला वेगळे मोजावे लागेल. थोड्या वापराच्या गाडीला दुरुस्ती मानवते. भरपूर वापराच्या गाडीला बदल मानवतो.

दोन चुका ह्या हिशेबात वारंवार होतात. गेल्या वर्षी नवा क्लच बसविला, टायर घातले, म्हणून आता गाडी सोडवत नाही. परंतु झालेला खर्च कोणताही मार्ग निवडला तरी परत येत नाही. तो बाजारभावात जितका उतरला असेल तितकाच मोजावा. दुसरी चूक म्हणजे भावनेला हिशेबाचा वेष चढविणे. वडिलांची गाडी सांभाळण्यात गैर काही नाही; मात्र ती किंमत आपण स्वखुशीने देत आहोत, एवढे स्वतःशी मान्य करावे.

कायदा आणि सुरक्षितता

भारतात खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे टिकते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्यानंतर तपासणी करून घेऊन ती एका वेळी पाच वर्षांपर्यंत वाढविता येते. म्हणजे पंधरा वर्षे झाली की गाडी मोडीत निघालीच पाहिजे, ही समजूत देशभरासाठी खरी नाही. दिल्ली परिसरात प्रदूषणामुळे २०१५ पासून न्यायाधिकरणाचे व न्यायालयाचे कडक निर्बंध आले, त्यावरून ही समजूत पसरली. सरकारी गाड्यांची गोष्ट निराळी आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमाने केंद्र व राज्य सरकारांच्या पंधरा वर्षांवरील गाड्यांची नोंदणी वाढविणे बंद झाले. त्यातून सैन्य व तत्सम विशेष कामाची वाहने वगळली गेली. खाजगी मोटारीचे नोंदणी-नूतनीकरण शुल्कही १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले, आणि २०२५ साली वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते दहा हजार करण्यात आले. ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन मोडीचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत दिल्याचे प्रमाणपत्र दाखविल्यास नव्या खाजगी गाडीच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद त्यानंतर केली गेली. ह्या सर्व रकमा वर सांगितलेल्या हिशेबात धरल्या पाहिजेत.

दुरुस्तीच्या नावाखाली गाडीचे रूप पालटण्यालाही मर्यादा आहेत. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. म्हणून दुसऱ्या जातीचे एंजिन बसविण्यापूर्वी नोंदणी कार्यालयाची परवानगी घ्यावी व बदलाची नोंद प्रमाणपत्रात करवून घ्यावी. ही नोंद नसल्यास अपघातानंतर विम्याची रक्कम मिळण्यात अडथळे येतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र दुरुस्तीला एक सीमा आहे, आणि ती पैशाने ओलांडता येत नाही. आखूड व उंच बांधणीची जुनी जीप वेगात वळताना कलंडण्याचा धोका अधिक असतो. तिच्यात हवेच्या पिशव्या नाहीत, चाके जखडू न देणारी ब्रेकयोजना नाही आणि पुष्कळ गाड्यांत बसणाऱ्यांसाठी पट्टेही नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या नव्या थार गाडीला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत प्रौढ व बालक ह्या दोन्ही गटांत पाचांपैकी चार तारे मिळाले. जुन्या गाडीला कितीही उत्तम पट्टे बसविले, तरी धडकेचा आघात पचविण्याची तिची मूळ शक्ती वाढत नाही. मळ्याच्या वाटेवर ताशी वीस किलोमीटरांनी जाणाऱ्या गाडीत ही उणीव चालून जाईल. महामार्गावर रोज मुलाबाळांना घेऊन जाणाऱ्या गाडीत ती चालू नये.

निष्कर्ष

ह्या विवेचनाचा अर्थ व्यवहारात पुढीलप्रमाणे निघतो. सांगाडा निरोगी, भाग मिळण्यासारखे, वापर थोडा आणि वेग कमी असेल, तर जुन्या जीपला तिच्या बाजारभावाच्या तीनचतुर्थांश खर्च करून दुरुस्त करणे शहाणपणाचे ठरू शकते. सांगाडा ठिकठिकाणी पोखरलेला असेल, तर एंजिन कितीही गोड चालत असले तरी ती सोडून द्यावी. तिचे एंजिन, आस व गिअरबॉक्स दुसऱ्या एखाद्या जीपच्या उपयोगी पडतील. सांगाडा चांगला, पण प्रवास महामार्गाचा व भरपूर असेल, तर कमी वयाची किंवा नवी गाडी घ्यावी, आणि परवडत असल्यास जुनी जीप मळ्यापुरती ठेवावी.

दुरुस्तीचा निर्णय एकदाच घेऊन भागत नाही. दर वर्षी पावसाळा संपल्यावर, गाडी धुऊन, सांगाड्यावर हातोडी वाजवून तो नव्याने पारखून घेतला पाहिजे. येत्या वर्षाचा अपेक्षित खर्च दुसऱ्या गाडीच्या सरासरी वार्षिक खर्चाहून अधिक दिसू लागला, की बदलाची वेळ आली असे समजावे. ब्रेक किंवा स्टिअरिंग ह्यांचा भरवसा उरला नसेल, तर तेवढ्या हिशेबासाठीही न थांबता, ते दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये.